आत्याच्या ताटांवर चालणारी व्हॅन

आमची व्हॅन चार महिने पाण्यावर चालली, असं आमच्या गल्लीत अजूनही सांगतात. मी शाळेत नववीला विज्ञान शिकवते. ऊर्जा निर्माण करता येत नाही आणि नष्टही करता येत नाही, हे वाक्य दरवर्षी फळ्यावर लिहायचं मला पगार मिळतो. त्या चार महिन्यांत किराणा दुकानदारापासून विहारातल्या मंडळींपर्यंत जो तो मला अडवून विचारायचा, "मॅडम, अण्णांनी पाण्यावर गाडी चालवली म्हणं. मग तुम्ही पोरांना शिकवता ते काय?" शेवटी शेवटी मी नुसती हसून पुढं जायचे. मला ओळखणाऱ्यांना हे पटणार नाही. चुकीचं विज्ञान ऐकून मी गप्प बसल्याचं दुसरं उदाहरण नाही. ग्रहणावरून एका अनोळखी बाईशी मी शेअर रिक्षात पैठण गेटपासून रेल्वे स्टेशनपर्यंत भांडलेली आहे, आणि माझं उतरायचं ठिकाण आधीच येऊन गेलं होतं.

अण्णा म्हणजे माझे वडील. चिकलठाण्याच्या एका कारखान्यात पस्तीस वर्षं फिटर होते. उस्मानपुऱ्यात त्यांचं घर, पुढं छोटं अंगण, अंगणात व्हॅन. मी लग्न होऊन दोन गल्ल्या पलीकडं राहते, पण शाळा सुटली की जेवायला आईकडंच जाते. त्यामुळं तिथं काय शिजतंय ते मला लवकर कळतं, गॅसवरचंही आणि अण्णांच्या डोक्यातलंही.

अण्णांच्या दोन सवयी आधी सांगायला हव्यात. पहिली कार्डाची. कारखान्यात कुठलंही मशीन दुरुस्तीला बंद केलं की त्याला पुठ्ठ्याचं कार्ड बांधायचं: 'बंद केले आहे. चालू करू नये.' खाली तारीख आणि सही. कार्ड न बांधता मशीन उघडणाऱ्याला अण्णा माणसात धरत नसत. निवृत्त झाल्यावर ही सवय त्यांच्याबरोबर घरी आली. मिक्सर बिघडला, बांधलं कार्ड. गिझर गळायला लागला, बांधलं कार्ड. एकदा उंदराच्या पिंजऱ्याची स्प्रिंग ढिली झाली तर त्यालाही कार्ड लागलं. उंदरानं ते वाचलं असावं, कारण तो पुन्हा आला नाही.

दुसरी सवय गाडी चालवण्याची. पस्तीस वर्षं पहिल्या पाळीला उशीर होईल या धास्तीत काढलेली, त्यामुळं निवृत्तीनंतर कोथिंबीर आणायलासुद्धा ते पहिल्या पाळीच्याच वेगानं जात. आई त्या गाडीत बसत नसे. एकदा क्रांती चौकात अण्णांनी असा काही ब्रेक मारला, की तिच्या मांडीवरचं आमटीचं पातेलं समोरच्या काचेवर गेलं. त्या दिवसापासून कुठल्याही कार्यक्रमाला अण्णा सामान घेऊन व्हॅननं आणि आई मागून रिक्षानं. एकाच घरातून निघून एकाच मांडवात दोघं वेगवेगळे उतरायचे. नातेवाइकांना वाटायचं, यांचं पटत नाही. पटत होतं, फक्त आईला जीव प्यारा होता.

व्हॅनला पंधरा वर्षं होत आली होती. आरटीओत पुन्हा पासिंग करायचं, तर खर्च आणि हेलपाटे दोन्ही आले. आईचं म्हणणं होतं, भंगारात द्या. बारा किलोमीटरचं ॲव्हरेज देणारी गाडी ठेवून करायचं काय? दोन दिवस अण्णांचं जेवणात लक्ष नव्हतं. निवृत्त झाल्यापासून त्यांना कुणी विचारत होतं ते त्या व्हॅनमुळं. कुणाच्या म्हातारीला घाटी दवाखान्यात न्यायचं असो, कुणाच्या पोरीला मुलाखतीला शेंद्र्याला सोडायचं असो, लोक अण्णांच्या दारात येत. व्हॅन गेली असती तर अण्णा ओट्यावर बसून राहिले असते आणि आल्यागेल्याला वेळ विचारत बसले असते. मला ते बघायचं नव्हतं, हे मी आत्ताच कबूल करून टाकते.

अशा वेळी त्यांना फोनवर तो व्हिडिओ सापडला. एक माणूस बरणीत पाणी घेतो, त्यात स्टीलचे पत्रे सोडतो, त्यांना बॅटरीच्या तारा जोडतो. पाण्यातून बुडबुडे निघतात. तो म्हणतो, हा हायड्रोजन, हा नळीनं इंजिनात सोडा, पेट्रोल वाचेल. अण्णांनी मला तो तीनदा दाखवला.

"अण्णा, त्या बॅटरीला करंट कुठून येतो?" मी विचारलं.

"इंजिनाकडून."

"आणि इंजिन कशावर चालतं?"

"पेट्रोलवर."

"म्हणजे पेट्रोल जाळून वीज करायची, विजेनं पाणी फोडायचं, आणि त्यातून निघेल तो गॅस परत जाळायचा. दर टप्प्यावर थोडं थोडं सांडतंच. आपल्याच ताटातली भाकरी उचलून आपल्यालाच वाढायची आणि दोन भाकरी झाल्या म्हणायचं, तसं झालं हे."

"तुझं पुस्तक म्हणतंय ते ठीक हाय," अण्णा शांतपणे म्हणाले. "इंजिन काय म्हणतंय ते बघू की." मग आईकडं वळून म्हणाले, "बाराचं सोळा करून दाखवतो. चार तर हसत वाढतंय."

आईनं तो शब्द पकडला. "सोळा झालं तर पासिंग करा. नाय झालं तर भंगारवाल्याला मी सोता फोन लावीन." थोडं थांबून ती म्हणाली, "नळाला आठ-आठ दिवस पाणी येत नाय, अन हे गाडीला पाणी पाजायला निघाले."

बरणी लोणच्याची मिळाली. नळी सलाईनची, ओळखीच्या कंपाउंडरकडून नवी आणली. अडलं ते पत्र्यांपाशी. अण्णांना जाड, जुनं स्टील हवं होतं, आणि तसं स्टील घरात एकाच ठिकाणी होतं. आईच्या लग्नात बिडकीनच्या आत्यानं, म्हणजे अण्णांच्या थोरल्या बहिणीनं, सहा ताटं आहेर दिली होती. प्रत्येकावर मशीननं कोरलेलं: आत्याचं नाव, आणि खाली 'सप्रेम भेट'. ती ताटं फडताळाच्या वरच्या कप्प्यात जुन्या धोतरात गुंडाळलेली असत आणि आत्या आली तरच खाली उतरत. आत्याही जेवता जेवता बोटानं भाजी सारून आपलं नाव आहे ना ते बघून घेई.

अण्णांनी त्यातली दोन उचलली. ते ज्या वेल्डरकडं गेले, त्यानं नंतर मला सांगितलं, "मॅडम, मैं बोला अण्णाकू, ये तो शादी का थाल है, इसपे नाम लिखेला है, इसकू काटूं क्या? अण्णा बोले, नाम के बाजू से काट." पण नाव ताटाच्या मधोमध होतं. त्यामुळं 'सप्रेम' एका पत्र्यावर आलं आणि 'भेट' दुसऱ्यावर.

आईला हे चार दिवसांनी कळलं. तिनं धोतर सोडलं, ताटं मोजली, पुन्हा मोजली.

"दोन ताटं कुठायत?"

"कामाला लावलीत," अण्णा म्हणाले.

आईनं कपाळाला हात लावला. मला वाटलं आता मोठं भांडण होणार. पण ती फक्त एवढंच म्हणाली, "तुमची बहीण हाय. जाब तुम्ही द्यायचा."

पहिल्या दिवशी अण्णांनी पाण्यात मीठ घातलं, मूठभर. मी शाळेतून आले तर अंगणात पाण्याच्या टाकीत टाकतात त्या टीसीएल पावडरचा वास. मी तशीच धावले आणि तारा उपटल्या. "मिठातून क्लोरीन निघतो, अण्णा. इंजिन राहू द्या बाजूला, आपणच आधी बंद पडू." अण्णांनी मान डोलावली आणि मिठाऐवजी खाण्याचा सोडा आणला. दुसऱ्या दिवशी गॅस खरंच निघतो का हे बघायला त्यांनी नळी साबणाच्या पाण्यात बुडवली आणि वर आलेल्या फेसाला काडी लावली. फेस एवढासा, पण आवाज असा झाला की शेजारची काकू सिलेंडर बंद करून नातवासकट रस्त्यावर जाऊन उभी राहिली. अण्णांचा चेहरा त्या वेळी बघायला हवा होता. पस्तीस वर्षं नोकरी केलेला माणूस, आणि भुवई अर्धी जळालेली असताना आनंदानं हसतोय.

आमच्या व्हॅनचं इंजिन पुढच्या सीटांच्या खाली आहे. अण्णांनी बरणी तिथंच, ड्रायव्हरशेजारच्या सीटखाली, इंजिनापासून वीतभर लांब कप्पा करून बसवली. समोर एक लाल दिवा लावला. किल्ली फिरवली की दिवा लागायचा.

आता ॲव्हरेज मोजायचं कुणी? आई म्हणाली, मी. "तुमच्यावर माझा भरवसा नाय अन तुमच्या लेकीवर बी नाय. एकाला सोळा पाह्यजे, दुसरीला बारा." तिनं पद्धत ठरवली: तिच्यासमोर टाकी फुल्ल करायची, मीटर तिनं वाचायचं, पुन्हा फुल्ल करताना पुन्हा तिनं वाचायचं, आणि मधल्या काळात व्हॅन तिच्याशिवाय हलायची नाही, म्हणजे मागच्या मागं कुणी टाकीत पेट्रोल घालायला नको. बरणीत पाणीही दर रविवारी सकाळी तीच भरणार. मीटर दिसायला पुढं बसणं आलं. म्हणजे बरणीच्या डोक्यावर.

"आई, तिथं गॅस तयार होतो," मी म्हटलं. "भीती नाही वाटत?"

"बरणी फुटली तर एकदा फुटल. ह्यांचं चालवणं रोजचं व्हतं. त्याच्यापेक्षा बरणी बरी."

व्हिडिओतल्या माणसानं काही पथ्यंही सांगितली होती. प्लग साफ करा. एअर फिल्टर झटका. टायरमध्ये हवा बरोबर ठेवा. आणि मुख्य म्हणजे गाडी चाळिसाच्या वर नेऊ नका, पाय एकसारखा हलका ठेवा, नाहीतर हायड्रोजन नीट मिसळत नाही. अण्णांनी पथ्यं दवाखान्यातल्या पेशंटसारखी पाळली. जालना रोडवर त्यांना सायकली मागं टाकून जाऊ लागल्या. पहिल्या टाकीला चौदा आलं. दुसऱ्या टाकीला पंधरा.

गल्लीत बातमी झाली. विहारात रविवारच्या वंदनेनंतर अण्णांना लोक घोळक्यानं भेटू लागले. वेल्डरकडं दोन रिक्षावाले ताटं घेऊन गेले, असंही मी ऐकलं. माझ्या वर्गातल्या एका मुलीनं सरळ बाकावरून विचारलं, "मॅडम, तुमच्याच घरी नियम चालत नाही का?" मी त्या दिवशी आईकडं जेवायला गेले ती चपला दारात फेकूनच.

"अण्णा, हे बरणीनं नाही होत, तुमच्या पायानं होतंय. प्लगनं होतंय, हवेनं होतंय. बरणी बंद ठेवून असंच हळू चालवून बघा, तेवढंच येईल. काहून बघत नाही?"

अण्णा भाकरी मोडत म्हणाले, "चालू मशीन उगी बंद करून बघत नसतात."

"भीती वाटते तुम्हाला."

"व्हय," ते म्हणाले आणि डाळ ओतून घेतली.

असे महिने गेले आणि शेवटची टाकी आली. पुढच्या आठवड्यात पासिंगची तारीख, आणि त्याआधीच्या रविवारी बिडकीनला आत्याच्या नव्या घराचा कार्यक्रम. तिकडं जाऊन आल्यावर आई शेवटचा आकडा काढणार होती.

मी ठरवलं, आता पुरे. शनिवारी दुपारी अण्णा पेपर तोंडावर घेऊन झोपले होते. मी पक्कड घेतली आणि व्हॅनचं दार हळूच उघडलं. बेत साधा होता: बरणीची वायर काढून ठेवायची. दिवा किल्लीवर लागतो, त्यामुळं कुणाला कळणार नाही. बिडकीनला जाऊन येऊ, आकडा तेवढाच येईल, आणि मग सगळ्यांसमोर मी सीट उचलून दाखवीन. फळ्यावर कितीही लिहा, असा प्रयोग एकदा दाखवला की बस. व्हॅन जाणार नव्हतीच, कारण आकडा येणारच होता. जाणार होती ती फक्त बरणीची शेखी.

सीट उचलली आणि आधी नवल वाटलं. सोड्याचं पाणी सुरुवातीला चहासारखं तपकिरी व्हायचं. आता गाळ तळाला बसला होता आणि वर पाणी इतकं नितळ, की 'सप्रेम' स्पष्ट वाचता येत होतं. मी वायरचा माग काढत ड्रायव्हरच्या सीटखाली बॅटरीपर्यंत गेले. वायर बॅटरीला जोडलेलीच नव्हती. टोक काळ्या टेपनं नीट गुंडाळलेलं, आणि त्याला सुतळीनं पुठ्ठ्याचं कार्ड बांधलेलं. 'बंद केले आहे. चालू करू नये.' खाली अण्णांची सही. तारीख बरणी बसवल्यानंतर दहाव्या दिवसाची.

म्हणजे चौदा जवळजवळ बरणीविनाच आलं होतं आणि पंधरा तर पूर्णच. मला भयंकर राग आला. चार महिने गल्लीत, विहारात, वर्गात माझं हसं होत होतं, आणि या माणसाला पहिल्या पंधरवड्यातच सगळं ठाऊक होतं. लबाडी करतानासुद्धा कार्ड बांधायला विसरले नव्हते. मी सुतळी सोडली, कार्ड पर्समध्ये टाकलं, आणि ठरवलं, उद्या पंगत बसली की मोठ्यानं वाचून दाखवायचं.

रविवारी सकाळी निघालो. आईनं निघायच्या आधी नेहमीसारखं अण्णांच्या देखत सीट वर केली आणि बरणीत बॅटरीचं पाणी ओतलं. "बघा, किती पिलीय," ती म्हणाली. अण्णांनी वाकून बघितलं आणि भुवया जवळ आणल्या. मी पाहत होते, पण रागात असल्यामुळं त्यावर विचार केला नाही.

त्या दोघांबरोबर मी त्या गाडीत पहिल्यांदाच मागं बसले होते. पैठण रस्त्याला लागलो. कंपन्यांचे ट्रक हॉर्न वाजवत आम्हाला ओलांडून जात होते. अण्णा चाळीसवर. आईच्या मांडीवर भाजलेल्या शेंगांची पिशवी होती. ती शेंगा सोलायची, टरफलं दुसऱ्या पिशवीत टाकायची आणि दाणे अण्णांच्या हातावर ठेवायची. एकीकडं तिचं बोलणं चालू होतं, काकूच्या सुनेनं माहेरी काय सांगितलं इथपासून गव्हाला किडे का लागले इथपर्यंत. अण्णा मधून मधून "मग?" म्हणत होते. एकदा ते इतके मोठ्यानं हसले की चाळिसाचे पस्तीस झाले.

मला आठवेना, या दोघांना असं शेजारी बसून कुठं जाताना मी यापूर्वी कधी पाहिलं होतं. माझ्या लग्नातसुद्धा अण्णा व्हॅननं आले होते आणि आई रिक्षानं. मला वाईट वाटलं, आणि बरंही वाटलं, आणि पर्समधलं कार्ड जड झालं.

बिडकीनला आत्या दारातच उभी होती. आम्ही उतरलो तर ती रस्त्याकडं बघतच राहिली. "रिक्षा कुठाय?" तिनं विचारलं. मग तिला उमजलं. "एकाच गाडीत आलाव व्हय दोघं? आगं बया." ती घरात वळून सगळ्यांना सांगत सुटली. अण्णा उगीच टायर तपासायला खाली वाकले.

जेवताना आत्यानं आईला विचारलंच, "माझी ताटं वापरतीस का गं? का ठेवलीस बांधून?"

"बांधून कशाला ठेवू? रोज कामात हायेत," आई म्हणाली. तिच्या चेहऱ्यावरची रेषसुद्धा हलली नाही. "आत्ताबी त्यांच्यावरच बसून आले."

आत्याला वाटलं, भावजय थट्टा करते, आणि ती खूश झाली. अण्णांना ठसका लागला. सगळी पंगत अण्णांना विचारत होती, पाण्यावर गाडी चालते ते खरं का. माझा हात पर्समध्ये होता, कार्डावर. तेवढ्यात आईनं स्वतःच्या ताटातली जिलेबी उचलून अण्णांच्या ताटात ठेवली, ठसका थांबावा म्हणून, आणि माझा हात तसाच बाहेर आला.

जेवणानंतर मागच्या दारी हात धुताना मी अण्णांना एकटं गाठलं आणि कार्ड पुढं धरलं. अण्णांनी ते घेतलं. आधी तारीख तपासली, मग सही. मग माझ्याकडं न बघता म्हणाले, "कार्ड असं काढून आणत नसतात. कुणी हात लावला म्हणजे?"

"अण्णा."

"तू बरोबर व्हतीस," ते म्हणाले. "पहिल्याच हप्त्यात कळलं मला. बरणी जोडली की इंजिन दाबायचं. बेल्ट ओरडायचा. कानाला कळतंय की, पस्तीस वर्षं इंजिनं ऐकली. जेवढं देती त्याच्यापेक्षा लई खाती ती. म्हणून काढून टाकली वायर."

"मग सांगितलं का नाहीत? मला चार महिने लोक हसतायत."

अण्णांनी पुन्हा नळाखाली हात धरले. नळाचं पाणी गेलं होतं, तरी धरून राहिले. "बरणी काढली तर मोजायचं काय? अन मोजायचं नसलं तर ती पुढं कशाला बसल? जाईल परत रिक्षानं." मग ते एकदम गंभीर झाले आणि इकडंतिकडं बघत आवाज खाली आणला. "पण एक इचारायचंय तुला. वायर तर काढलीय. करंटच नाय. तरी दर रविवारी बरणीतलं पाणी वाटीभर कमी भरतंय. तुझं सायन्स काय म्हणतं?"

बरणीला कुठं गळती नव्हती, मी आदल्या दिवशीच बघितलं होतं. विज्ञानाच्या बाबतीत अण्णांपुढं निरुत्तर व्हायची ती माझी पहिली वेळ. त्यांनी कार्ड खिशात घातलं आणि घरी गेल्यावर परत बांधलं.

संध्याकाळी पंपावर टाकी भरली. आईनं मीटर वाचलं, बोटांवर हिशोब केला, मला परत करायला लावला. सोळा आणि वर थोडं. "करून घ्या पासिंग," ती म्हणाली, आणि ओढणीनं समोरची काच पुसली. माझी ओढणी होती ती. अण्णांनी किल्ली फिरवली. लाल दिवा लागला.

सोमवारी मी शाळेतून आले तेव्हा आई स्वयंपाकघरात एकटी होती. मी म्हटलं, "आई, बरणीला पाणी फार लागतं का गं?"

आई चपाती लाटत होती. ती लाटतच राहिली. "कार्ड वाचलंस का तू?"

माझं तोंड उघडंच राहिलं. "तू वाचलंस?"

"मी नाय वाचलं. काल बघितलं ह्यांच्या खिशात. पर मला कार्ड कशाला लागतंय? रोज बसते मी त्याच्यावर. आधी खालून गुडगुड यायची. दहा-बारा दिसांनी थांबली. रविवारी पाणी बघितलं तर कमीच नाय. म्हणलं, पडली बरणी बंद."

"मग?"

"मग काय. ह्यांना कळलं असतं तर काढून टाकली असती, अन लागला असता पाय परत खाली दाबायला. म्हणून शनिवारी मी पळीनं वाटीभर पाणी काढते, मोरीत ओतते. रविवारी ह्यांच्यासमोर भरते." तिनं चपाती तव्यावर टाकली. "बरणी चालू हाय असं वाटतंय तोवर माणूस चाळीसनं चालवतो."

मला आधी हसू आलं आणि मग डोळ्यांत पाणी आलं. ते तिनं पाहू नये म्हणून मी धूर झाल्याचा बहाणा केला. गॅसच्या शेगडीला धूर नसतो, हेही मीच शिकवते. सांगावं तरी कुणाला? आईला सांगितलं की अण्णांनीच वायर काढलीय, तर बरणीचं कारण संपलं. अण्णांना सांगितलं की पाणी आई काढते, तरी तेच. खिशातलं कार्ड पाहूनही आईनं त्यांना काही विचारलं नव्हतं आणि मलाही पुढं काही विचारलं नाही. तिला किती कळलंय याचा मला आजही पत्ता नाही.

पासिंग झालं. त्याच्या पुढच्या रविवारी दोघं दौलताबादकडं निघाले, नुसतेच, काही काम नसताना. मलाही ओढून नेलं. गाडी चाळीसनं चालली होती आणि एक मोपेडवाला आमच्याबरोबर गप्पा मारत येत होता. तो पुढं निघून गेल्यावर अण्णांनी आरशातून माझ्याकडं पाहिलं. त्यांचा चेहरा नवव्या इयत्तेतल्या मुलासारखा झाला होता.

"मॅडम, एक शंका हाय. समजा एखादं भांडं नुसतंच ठेवलंय. आग नाय, करंट नाय. तरी त्यातलं पाणी कमी होतं का?"

आई खिडकीतून बाहेर बघू लागली. तिचे हात शेंगांच्या पिशवीत थांबले.

त्या बरणीचं झाकण किती घट्ट बसतं ते मला माहीत होतं. मी गळा साफ केला आणि वर्गात बोलते त्या आवाजात म्हणाले, "होतं की, अण्णा. बाष्पीभवन."

अण्णांनी समाधानानं मान डोलावली. आईनं मागं न बघता सोललेल्या दाण्यांची मूठ माझ्यापुढं केली. ती लाच होती, आणि मी ती घेतली.